कामावर कसं यायचं, यात कंपनीचा संबंध आहेच

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘कर्मचाऱ्यांनी कार सोडावी म्हणून कंपन्या जे उपक्रम करतात तो निव्वळ दिखावा आहे. कामावर कसं यायचं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न. पुण्यात मेट्रो कंपनीच्या दारात येत नाही, बसचा भरवसा नाही, चार महिने पाऊस, बायकांना रात्री घरी जायचं असतं. कंपनीने त्यावर पैसे का घालायचे? पुणेकर काही गाडी सोडणार नाही.’

मी खराडीतल्या एका कंपनीत ॲडमिनला आहे. पार्किंगचे स्टिकर, रात्रपाळीच्या कॅबचं रोस्टर, सगळं माझ्या टेबलावरून जातं. हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही, कारण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा मी रोज समोर बघते.

पहिला मुद्दा, ‘खासगी प्रश्न’. एक कार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. आत-बाहेर करायची वाट धरली की हिशेब अडीचशे-तीनशे चौरस फुटांवर जातो. ज्या माणसाची ती कार, त्याला वर टेबल-खुर्चीसाठी याच्या निम्मीही जागा मिळत नाही. या जागेचं भाडं कंपनी भरते आणि कारवाल्याला ती फुकट देते. शेजारच्या टेबलावरची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वनाझहून मेट्रोने येते, पुढे रिक्षाला स्वतःच्या खिशातून पैसे घालते, आणि तिला कंपनी काहीच देत नाही. म्हणजे कोणी कसं यावं यात कंपनीने केव्हाच हात घातलाय. कारने येणाऱ्याला ती दरमहा मदत करते, फक्त पगाराच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसतं.

यावर उपाय जुनाच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली कायदा केला: भाड्याने घेतलेलं पार्किंग कर्मचाऱ्याला फुकट देणाऱ्या ठरावीक कंपन्यांनी, ज्याला ते नको असेल त्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्या अभ्यासल्या. एकट्याने कार चालवत येणारे आधी शंभरात ७६ होते, ते ६३ वर आले. पार्किंग कोणाचं काढून घेतलं नव्हतं. ज्याला हवं त्याला जागा, नको त्याला पैसे, एवढंच. कारशिवाय पान न हलणाऱ्या लॉस एंजेलिसच्या परिसरात हे घडलं.

‘मेट्रो दारात येत नाही.’ खरं आहे. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत येते आणि तिथून खराडीच्या आयटी पार्कपर्यंत पाच-सहा किलोमीटर उरतात. पण हे पाच-सहा किलोमीटर जोडणं हेच तर कंपनीच्या हातात असलेलं काम! वनाझ ते रामवाडी मेट्रो काही आमच्या कंपनीला बांधायची नाहीये, ती बांधून झालीय. सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ रामवाडीहून एक मिनीबस फिरवायची. एका इमारतीत दहा कंपन्या असतात, त्यांनी मिळून दोन फिरवल्या तर पंधरा-वीस मिनिटांनी एक मिळते. मी हे सुचवलं तेव्हा शेजारच्या कंपनीच्या ॲडमिननेही तेच सुचवलेलं निघालं. दोघींच्या साहेबांनी एकच विचारलं, ‘आधी ती दुसरी कंपनी तयार आहे का विचारा.’ एक फोन काय तो करायचा होता.

‘बसचा भरवसा नाही’ यावर मला जरा सविस्तर बोलायचंय. पीएमपीची बस वेळेवर येत नाही, हे मी नाकारत नाही. मी स्वतः हडपसरच्या गाडीतळावर अर्धा-अर्धा तास उभी राहिलेय. पण बस दहा मिनिटं उशिरा आली तर तिची शिक्षा कोण देतं? आमच्याकडे साडेनऊचा पंच. नऊ चाळीसनंतर लेट मार्क, आणि तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार. आमच्या अकाउंट्समधला एक मुलगा दोन महिने बसने आला. दुसऱ्या महिन्यात त्याचे चार लेट मार्क झाले. नऊ चाळीसच्या पुढे एकदा सात मिनिटं, एकदा चार, बाकीचे असेच. तिसऱ्या महिन्यात त्याने हप्त्यावर सेकंडहँड कार घेतली आणि स्टिकर मागायला माझ्याकडे आला. फॉर्म भरताना म्हणाला, ‘मॅडम, बसला मी कंटाळलो नव्हतो. रोज गेटपासून पळत यायला कंटाळलो.’

त्याला स्टिकर मी दिलं. ज्या भिंतीवर ‘पर्यावरण वाचवा, सार्वजनिक वाहतूक वापरा’ असं पोस्टर आहे, तिच्याच खाली पंचिंग मशीन आहे. साडेआठ ते साडेदहा केव्हाही या आणि आपले तास भरा, एवढा नियम बदलला तर बसच्या दहा मिनिटांना अर्थच उरत नाही. याला एक रुपयाही लागत नाही. कॉल सेंटरला किंवा कारखान्याच्या लाइनवर हे जमणार नाही, कबूल. आमच्या मजल्यावरच्या बहुतेकांना जमेल.

पाऊस. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो आणि निम्मं शहर त्यात रेनकोट घालून दुचाकीवर येतं. भिजायची भीती असती तर आधी ती मंडळी कारमध्ये बसली असती. ओले कपडे वाळत घालायला दोरी, एक बाथरूम आणि कुलूप लागणारं कपाट दिलं, की पावसाळ्याचं आणि सायकलवाल्यांचंही बरंचसं भागतं.

बायकांच्या रात्रीच्या प्रवासाचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने तो उलटाच वापरलाय. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईची संमती घेऊन तिला काम देता येतं, पण तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी मालकाची आहे. मग प्रवास ‘खासगी प्रश्न’ कसा? राहिली संध्याकाळ. मी आमच्या बायकांना विचारलं, तर बसमधल्या गर्दीपेक्षा थांब्यापासून गेटपर्यंतच्या अंधाराबद्दल जास्त जणी बोलल्या. बांधकामाचे पत्रे, मध्ये मोकळा प्लॉट, दिवा नाही. कंपनीने आपल्या कुंपणावर चार दिवे लावले आणि सातनंतर एक गार्ड तिथे उभा केला तर काय बिघडेल? आणि मूल शाळेत आजारी पडलं, घरी धावावं लागलं, तर तेवढ्यापुरती कॅब कंपनीच्या खर्चाने. कार जवळ असावी असं वाटण्यामागे ही धास्ती असते. मला तरी ती चांगलीच ओळखीची आहे.

पैशाचं म्हणाल तर पार्किंगचं भाडं आजही जातंच आहे. एक अडचण खरी आहे. रोख भत्ता दिला तर तो पगारात धरून त्यावर कर लागतो. पूर्वी महिना १६०० रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त असायचा, २०१८-१९ पासून ती सवलत पगारदारांना सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीत (स्टँडर्ड डिडक्शन) गेली. कंपनीच्या बसने घर ते ऑफिस येण्या-जाण्यावर मात्र कर नाही. म्हणून माझं मत आधी बस, मग भत्ता.

शेवटचं वाक्य ‘पुणेकर गाडी सोडणार नाही’. कुठला पुणेकर? ज्याचं गाव सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तो? पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं कामगारांना कंपनीच्या बसने आणलं. माझे वडील पहाटे पावणेसहाला चौकात डबा घेऊन उभे राहायचे. बस आली नाही असं क्वचितच व्हायचं आणि आली नाही तर हजेरी कापली जायची नाही, कारण चूक कंपनीची असायची. १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल आकुर्डी, चिंचवड, पिंपरीला माणसं उतरवतेय. ही सगळी याच शहरातली माणसं. त्यांच्या कंपनीने त्यांच्या येण्याची व्यवस्था केली होती, आमच्या कंपनीने कारच्या जागेची केलीय.

एप्रिलमध्ये आमच्याकडे स्टिकर नव्याने निघतात. यंदाच्या फॉर्मवर मी दोन रकाने वाढवून मागितलेत: ‘रामवाडीहून बस मिळाल्यास येईन’ आणि ‘पार्किंग नको, त्याऐवजी भत्ता हवा’. फॉर्म मंजुरीला वर गेलाय. दर सोमवारी मी विचारते.