लिफ्टमधली नोटीस आणि मुर्बीतली खोली

आज सकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये नवी नोटीस दिसली. 'रुग्ण व त्यांच्यासोबतचे नातेवाईक यांना सदनिका अथवा खोली अल्पमुदतीने भाड्याने देण्यास सभासदांना सक्त मनाई आहे.' खाली सचिवांची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. रोग कोणता, हे लिहिलेले नाही. पण नवी मुंबईतल्या खारघरमध्ये राहणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. टाटाचे कॅन्सर केंद्र इथे सेक्टर 22 मध्ये आहे आणि हातात फाइल घेऊन खोली शोधणारी माणसे आपण सगळेच रोज पाहतो.

खाली उतरले तर फाटकाशी तसेच एक जोडपे उभे होते. नवरा वॉचमनला काही विचारत होता आणि बायको तोंडाला मास्क लावून कुंडीच्या कठड्यावर टेकली होती. वॉचमनने रस्त्यापलीकडे हात केला आणि म्हणाला, "गावात विचारा."

हे दोन शब्द मी 2017 साली इतक्यांदा ऐकले आहेत, की आज ते कानावर पडताच पोटात ढवळून आले. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, गालाचे ऑपरेशन झाले होते आणि पुढे रेडिएशनच्या तीस बैठका होत्या, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे मोजून सहा आठवडे. ज्यांच्या घरात हे झालेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की रेडिएशनला रोज काही मिनिटेच लागतात, त्यासाठी सहसा कोणी भरती करून घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचे असते. चाळीसगावहून ये-जा करणे शक्य नाही. अशा माणसाला खाट नको असते. त्याला खोली हवी असते, पाणी उकळायला शेगडी हवी असते आणि मोरी जवळ हवी असते. मी सेक्टरमधल्या सहा एजंटांकडे गेले. सहाही जणांनी अकरा महिन्यांचा करार पुढे केला आणि 'पेशंट' हा शब्द ऐकताच फाइल मिटली. एका घरमालकिणीने तर अण्णांच्या समोरच मला विचारले, "पसरत नाही ना?" अण्णा तेव्हा बोलू शकत नव्हते, त्यांनी फक्त मान दुसरीकडे वळवली.

शेवटी खारघरमधल्याच जुन्या मुर्बी गावात खोली मिळाली. गावठाणातले दुमजली आगरी घर, बाहेरून लोखंडी जिना, वर दहा बाय दहाची खोली. घरधनीण मावशींनी भाडे सांगण्याआधी विचारले, "तुजा बापूस काय खातं गो?" मी म्हटले, काहीच खाता येत नाही, तोंड सोलून निघाले आहे. त्या संध्याकाळी त्यांनी तांदळाची पेज केली, फडक्यातून गाळली, पार निवू दिली आणि पितळेच्या गडव्यातून वर आणून दिली.

आता नोटिशीकडे येते. मंडळींनो, ज्या पोडियमवरच्या बागेत तुम्ही सकाळी योग करता, तिथे कोणाची तरी भातशेती होती. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, आले, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, 1984 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात पाच माणसे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या गावांत लोकांनी वाढत्या कुटुंबासाठी जी घरे बांधली त्यांना सरकारी कागदात 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात आणि आपण नाक मुरडून त्यांना अनधिकृत म्हणतो. आपल्या अधिकृत, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या, दोन लिफ्टच्या इमारतींनी ज्यांना बाहेर काढले, त्यांची गरज मात्र याच घरांनी भागवली. 'गरजेपोटी' हा शब्द सरकारने कोणत्याही अर्थाने वापरला असो, मला तो शब्दशः पटलेला आहे.

कोणी म्हणेल की सोसायटीलाही अडचणी असतात. असतात. दर महिन्याला नवी माणसे आली की पोलिसांना द्यायची माहिती, ओळखपत्रे, लिफ्टमधली वर्दळ, हे सगळे खरे आहे. गावठाणातले सगळेच घरमालक संत नाहीत हेही खरे. आमच्या शेजारच्या खोलीत ओल होती, खिडकी नव्हती आणि भाडे आमच्यापेक्षा जास्त होते. मावशींनीही भाडे आगाऊ घेतले आणि पाण्याच्या बाटल्यांचे पैसे वेगळे लावले. पण त्यांनी दार उघडले होते.

जेवणाचे तर विचारूच नका. खारघरमध्ये खायला काय कमी आहे? बिर्याणी आहे, चायनीजच्या गाड्या आहेत, मध्यरात्रीपर्यंत शोर्मा मिळतो. पण कमी तिखटाचा, ताजा, गरम वरणभात रोज एक वाटी हवा असेल, किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसासाठी फक्त शिजवलेले, कापून न ठेवलेले अन्न हवे असेल, तर हॉटेलवाला 'राईस प्लेट घ्या' म्हणतो आणि तिच्यात चिरलेला कांदा घालून देतो. तो चुकीचे वागतो असे नाही. त्याचा धंदा वेगळा आहे. अशा वेळी कोणाचे तरी स्वयंपाकघरच लागते.

मावशींकडे खाली रोज सुकट किंवा जवळा असायचा आणि आगरी मसाल्याचा वास जिन्यावरून वर यायचा. चौथ्या आठवड्यात अण्णांची चव पूर्ण गेली होती. पेजसुद्धा माती लागते असे ते पाटीवर लिहून दाखवायचे. पण जवळ्याला फोडणी पडली की ते उठून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायचे. जीभ बंद होती, नाक अजून चालू होते. मावशी खालून ओरडायच्या, "आज कितवी?" आणि अण्णा बोटांनी आकडा दाखवायचे. तिसाव्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटे तीनदा उघडमीट केली. हे आता लिहितानाही मला थांबावे लागले.

गेल्या 20 डिसेंबरला आपल्या सोसायटीने गाडगे महाराजांच्या पुण्यतिथीला झाडू मारला, फोटोला हार घातला, ग्रुपवर चाळीस फोटो टाकले. ज्या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, त्याचा फोटो अजून क्लबहाउसमध्ये आहे. आजची नोटीस तिथेही लावा ना. की त्यांच्यासमोर लावायला लाज वाटते?

जरा जास्तच बोलले. बोलले ते मागे घेत नाही, पण माझाही हिशोब मांडते. मार्चच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसले होते. 'अशा लोकांमुळे फ्लॅटचे भाव पडतात' हे वाक्य मी ऐकले आणि मोबाइलमध्ये डोके घातले. बदली बेलापूरला झाल्यावर कर्ज काढून घेतलेल्या याच फ्लॅटचे भाव, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. अण्णा जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्यांच्यासमोर मी गप्प बसू शकले नसते.

सकाळच्या त्या जोडप्याला मी रिक्षातून मुर्बीला नेले. ते वाशिमचे आहेत, बाईंच्या बैठका सोमवारपासून सुरू होतील. मावशी आता गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत. सून खालीच डब्यांचा स्वयंपाक करते. वरची खोली रिकामी होती. रंग उडाला आहे, मोरीचा नळ मात्र नवा आहे. भाडे वाढले आहे, पण सहा आठवड्यांचेच घेणार आहेत.

खोलीतली शेगडी बिघडली आहे. कोणाकडे दोन बर्नरची, चालू स्थितीतली जास्तीची शेगडी असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. रविवार संध्याकाळपर्यंत मिळाली तर मी स्वतः येऊन नेईन.