फुगे लावायची डिग्री

आज एका साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत, नात्यातल्या एका काकांनी माझ्या भाचीला विचारलं, "सध्या काय शिकतेस गं?" ती म्हणाली, इव्हेंट मॅनेजमेंट आणि मार्केटिंग, शेवटचं वर्ष. काका खो खो हसले. "म्हणजे फुगे लावायची डिग्री! मग आमच्या चिरंजीवांच्या लग्नात लाव की!" अख्खी पंगत हसली. पोरगीही हसली. मी यजमानांकडे बघून गप्प बसले. इथे गप्प बसायचं काही कारण नाही.

काका, ज्या पोरीला हसलात तिनं गेल्या वर्षी कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये मैदानावरचा गाण्याचा कार्यक्रम सांभाळला होता. गायक उशिरा आला. रात्री दहाला स्पीकर बंद करायचे, हा नियम २००० सालचा आहे. पावणेदहाला पब्लिक नुकतं रंगात आलेलं आणि एक ट्रस्टी येऊन म्हणाले, "होऊ दे अजून दोन गाणी, पोलिसांचं मी बघतो." ही १९ वर्षांची. "नाही सर," म्हणाली आणि साउंडवाल्या दादांशेजारी जाऊन उभी राहिली. दहाच्या ठोक्याला आवाज बंद. पब्लिकनं हुर्यो उडवली, ट्रस्टींनी तोंड फिरवलं. ही हलली नाही. तुमच्या फुग्यात बसतं का हे?

आणि मार्केटिंग म्हणजे काय, तर पत्रकं वाटणं, असंच ना? त्याच कार्यक्रमाला पैसे द्यायला एक सराफ तयार होते, पण बॅनर स्टेजवरच हवा म्हणून अडून बसलेले. हिनं त्यांना समजावलं, की स्टेजवर लोक गायकाकडे बघतात, बॅनर वडापावच्या स्टॉलपाशी लावा, तिथं माणसं रांगेत ताटकळतात. सराफांना पटलं. आपल्यातल्या किती जणांना हे सुचलं असतं?

हो, माहितीये. गणेशोत्सव १८९३ पासून रस्त्यावर आहे, सवाई गंधर्व १९५३ पासून चाललाय, आणि ते उभं करणाऱ्या कुणाकडे असली डिग्री नव्हती. मान्य. पण आता एक कार्यक्रम करायचा तर पोलीस परवानगी, अग्निशमन दलाची एनओसी, गाण्यांचं लायसन्स, जनरेटर, ॲम्ब्युलन्स कुठे उभी करायची, गर्दी कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर काढायची, हे सगळं कुणीतरी आधी बसून कागदावर मांडावं लागतं. खारघर आठवतंय ना? एप्रिल २०२३, भर उन्हात पुरस्काराचा सोहळा, उष्माघातानं १४ माणसं गेली. कार्यक्रम किती वाजता ठेवायचा, माणसांच्या डोक्यावर सावली आहे का, प्यायला पाणी कुठे आहे, हे विचारायला शिकवतात त्या कोर्सला हसायचं?

लिहिता लिहिता काकांवरचा राग कमी झाला, खरं तर. ते बिचारे जुन्या काळातले. मला जास्त चीड येते ती कॉलेजवाल्यांची आणि कंपन्यांची. फी लाखांत घ्यायची, आणि वर्गात शिकवायच्या ऐवजी 'प्रॅक्टिकल एक्स्पोजर' म्हणून पोरांना कुठल्यातरी कंपनीच्या प्रॉडक्ट लॉंचला व्हॉलेंटियर म्हणून पाठवायचं. सकाळपासून उभं, हातात वॉकीटॉकी, जेवायला थंडगार पुलाव, पैसे शून्य. तो गाण्याचा कार्यक्रम संपल्यावर ही पोरगी पहाटेपर्यंत केबल गुंडाळत होती, केबल जमिनीला चिकटवायची गॅफर टेप नखानं सोलत होती. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर आडनाव चुकलेलं. कामाची सवय लागते म्हणे. लागते, नाही म्हणत नाही. पण मंडपवाला फुकट येतो का? साउंडवाले दादा फुकट येतात का? मग पोरंच का फुकट?

आत्ता तिला फोन केला, म्हटलं वाईट वाटलं असेल. तर म्हणते, "मावशी, काकांना सांग, लग्न मे महिन्यात दुपारी लॉनवर ठेवलंय, कूलर आत्ताच बुक करा, नंतर मिळत नाहीत." काय बोलणार हिला! मी काही काकांना सांगणार नाही, तिनंच सांगावं आणि सल्ल्याचे पैसे लावावेत.

आणि हो, माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये इव्हेंटवाले बरेच आहेत. डिसेंबर-जानेवारीत "तुझ्या भाचीच्या कॉलेजमधली आठ-दहा पोरं मिळतील का" असे मेसेज येतात तुमचे. या वेळी पहिल्या ओळीत मानधनाचा आकडा लिहा, तरच उत्तर देईन.