ती नोंद पहिल्या पानावरच होती

आज सकाळपासून एकच व्हिडिओ निरनिराळ्या मित्रांकडून मला येत आहे. अनाथाश्रमात वाढलेला एक तरुण आणि कित्येक वर्षांनी सापडलेली त्याची बहीण एकमेकांच्या गळ्यात पडून रडत आहेत आणि खाली लोकांनी ‘देवाची लीला’, ‘नशिबाचा खेळ’ असे लिहिले आहे. डोळे माझेही भरून आले, पण त्या प्रतिक्रिया वाचता वाचता संताप अनावर झाला. या दोघांची ताटातूट केली कुणी, हा प्रश्न एकालाही पडू नये?

माझा एक जुना सहकारी असाच संस्थेत वाढला. आपले या जगात कुणी नाही, हे त्याने लहानपणीच पत्करले होते. तिशी उलटल्यावर कुठल्याशा दाखल्यासाठी त्याने आपली जुनी फाइल मागवली, तेव्हा पहिल्याच पानावर, त्याच्या नावाखाली, सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते : ‘सोबत मोठी बहीण, वय सात वर्षे.’ दोन वर्षांचा तो तिच्या कडेवर बसून तिथे आला होता. मुलींची सोय दुसरीकडे होती, म्हणून तिला तिकडे धाडले आणि विषय संपला. नियतीने काहीही हिरावून घेतले नव्हते. बहीण कागदावर होती, कागद कपाटात होता आणि ज्याची ती बहीण, त्याला सांगावे असे कुणालाही वाटले नाही.

हे केवळ गलथानपणामुळेच घडते असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली जन्मलेल्या तिळ्या भावांना एका दत्तक संस्थेने तीन वेगवेगळ्या घरांत दिले, मानसशास्त्रीय अभ्यासासाठी त्यांची वाढ वर्षानुवर्षे न्याहाळली गेली आणि दत्तक आईवडिलांनाही बाकीच्या दोघांचा सुगावा लागू दिला नाही. १९८० मध्ये ते भेटले, ते कॉलेजातल्या मुलांनी एकाला दुसराच समजून हाक मारली म्हणून! कौटुंबिक नात्यांसह आपली ओळख जपण्याचा मुलाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत १९८९ पासून लिहिलेला आहे, पण कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती असते त्यांनी तो वाचायला हवा ना.

दोन मुलांना एकदम घरी नेणे प्रत्येक दांपत्याला झेपत नाही आणि थोरल्यापायी धाकट्याचे घर अडवून ठेवणेही योग्य नव्हे, हे मान्य. पण वेगळे घर देण्यासाठी नाते पुसून टाकावे लागते काय?

बहिणीशी झालेल्या भेटीबद्दल माझ्या सहकाऱ्याने जे सांगितले, ते लिहिताना माझा राग थोडा निवळतो आहे. त्यांनी मिठी मारली नाही. तिने त्याचे डोके हलकेच वळवून आधी डावा कान पाहिला आणि विचारले, “अजून वाहतो का रे?” लहानपणी त्याचा कान वाहायचा आणि ती कापसाच्या बोळ्याने तो पुसायची. त्याला यातले काहीही आठवत नव्हते. तो तिला अहो-जाहो करत, अवघडून बसून राहिला. त्याला बहीण नव्याने मिळाली होती, पण तिने मात्र सातव्या वर्षापासून हा भाऊ मनात वागवला होता. अशा भेटींत धाकट्याच्या आश्चर्याकडेच सगळे पाहतात. थोरल्याने इतकी वर्षे काय सोसले, ते कुणी विचारतही नाही.

आणि ती गप्प बसली नव्हती. कळत्या वयाची झाल्यावर तिने त्याच्या संस्थेत जाऊन चौकशी केली, तेव्हा “तो चांगल्या घरी गेला, आता त्याला त्रास देऊ नकोस,” असे तिला सांगण्यात आले. त्या दिवशी तो त्याच इमारतीत राहत होता. हे आठवले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझ्या मित्रयादीत अशा संस्थांना देणग्या देणारे, तिथे वाढदिवस साजरे करणारे, क्वचित विश्वस्तही आहेत. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथल्या किती मुलांची भावंडे दुसरीकडे आहेत, त्यांची शेवटची भेट कधी घडवली आणि ही गोष्ट त्या मुलांना कुणी सांगितली आहे काय, हे विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, फाइल उघडायला लावा.