ठेका कोणाचा, नाव कोणाचे?

लोकसंगीताच्या चालीवर इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा ठेका चढवला की परंपरा बाटते, असा सूर आपल्याकडच्या चर्चांमधून अधूनमधून हमखास ऐकू येतो. इथे ब्रिटनमध्ये राहून तो ऐकताना मला वाटते, की आपण चुकीच्या मुद्द्यावर घसा कोरडा करत आहोत.

ब्रिटिश-भारतीय संगीतकार पंजाबी एमसीचे ‘मुंडियां तों बच के’ हे भांगडा गाणे २००३ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले. एका अमेरिकी दूरदर्शन मालिकेच्या शीर्षकसंगीतातील खर्जाची घुमणारी धून आणि तिच्यावर तुंबी या एकतारी पंजाबी वाद्याचा तीक्ष्ण टणत्कार : या दोन थरांमुळे भांगडा बिघडला, असे मला तरी वाटत नाही. उलट, पंजाबीचा एक शब्दही न कळणारी माणसे त्यावर नाचली. अर्थात, सगळीच मिश्रणे अशी जमत नाहीत. ढोलाच्या ठेक्यात एक झोल असतो. दोन आघातांमधले अंतर किंचित असमान असते आणि नाचणाऱ्याचा खांदा तिथेच उचलला जातो. संगणकावर प्रत्येक आघात मोजून सरळ रेषेत बसवला, की आवाज ढोलाचाच राहतो, पण चाल यंत्राची होते. मात्र हा कारागिरीचा दोष आहे. त्यात परंपरेचा अपमान शोधण्याचे कारण नाही.

खरा वाद श्रेयाचा आहे. १९८९ मध्ये काओमा या फ्रान्समधील समूहाच्या ‘लांबाडा’ने जगभर धुमाकूळ घातला, प्रत्यक्षात तिची चाल बोलिव्हियातील लोस कार्कास या समूहाच्या गाण्याची होती आणि आपला हक्क मिळवण्यासाठी त्यांना कायद्याचा आधार घ्यावा लागला. त्यांची रचना निदान ध्वनिमुद्रित होती आणि कर्तेही ठाऊक होते. सॉलोमन बेटांवरील अफुनाक्वा या स्त्रीने गायलेले अंगाईगीत संशोधकाने टिपले आणि पुढे डीप फॉरेस्ट या जोडगोळीने ते १९९२ मध्ये नाचाच्या तालावर बसवले, तेव्हा तिच्या आवाजावर जगभर खपलेल्या त्या संगीतात तिला कोणी विचारात घेतले नव्हते.

आपल्या पारंपरिक चालींना तर बहुधा एक कर्ता नसतोच, त्यामुळे कोणीही त्या उचलतो आणि खाली ‘पारंपरिक’ एवढेच लिहून मोकळा होतो. ज्या गायकाच्या किंवा वादकाच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला, त्याचे नाव आणि मानधनाचा वाटा करारात आहे का, हे विचारणारे लेख मला आपल्याकडे फारसे आढळत नाहीत. शुद्धतेवरचे मात्र वाटेल तेवढे सापडतात.