660 डिग्रीचा बागुलबुवा

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. "अल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं, इंजिनात 2000 डिग्री असतात, म्हणजे कंपन्या भंगार विकतायत, बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडवालीच गाडी घ्या." हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे टाकतो.

2000 डिग्री बरोबर, पण ते जळणाऱ्या गॅसचं, तेही क्षणभर, धातूचं नाही हो. शेगडीची ज्योतही साधारण तेवढीच तापते आणि त्यावर अल्युमिनियमच्या पातेल्यात रोज चहा होतोच ना? पाणी आटून पातेलं तसंच विसरलं की मग बूड जातं. इथे हेडमधून कूलंट फिरतं, बऱ्याच पिस्टनला खालून ऑइलचा फवारा असतो, त्यामुळे डिझेलच्या पिस्टनचा माथासुद्धा साधारण 300-350 वर राहतो.

आणि 660 हा आकडाच चुकीचा. तो शुद्ध अल्युमिनियमचा. पिस्टनच्या अलॉयमध्ये, म्हणजे मिश्रधातूत, 12 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, तो 577 च्याही आधी पाघळायला लागतो, म्हणजे फॉरवर्डवाल्याला अजून घाबरवता आलं असतं! खरी भानगड त्याच्या खूप आधी, 200-250 ला. हीट ट्रीटमेंटने आत तांब्या-मॅग्नेशियमचे अतिबारीक कण तयार केलेले असतात, ताकद त्यांचीच, आणि जास्त वेळ तापले की ते जाडे होतात न् धातू मऊ पडतो. म्हणून निकेल घालतात, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वाय अलॉयमध्येही 2 टक्के होतं. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबच्या नव्या अलॉयमध्ये मँगनीज आणि झिर्कोनियम त्या कणांच्या कडेला जाऊन बसतात, वाढूच देत नाहीत, 350 पर्यंत तग धरतो.

"पूर्वी सगळं लोखंडी होतं" हेही जाऊ द्या, डब्ल्यू. ओ. बेंटलीने, ज्याने पुढे बेंटली गाड्या काढल्या, अल्युमिनियमचे पिस्टन त्या महायुद्धाआधीच वापरलेत.

"ओतीव म्हणजे कमजोर"? हेडमधले पाण्याचे वाकडेतिकडे रस्ते ठोकून कसे काढणार? ओतावंच लागतं. हां, भोकांचा त्रास खरा. पावसाळ्यात दमट हवेतला हायड्रोजन वितळलेल्या रसात शिरतो, डीगॅसिंग (रसातला गॅस काढणं) नीट झालं नाही की ओतलेला जॉब कापल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, आमच्या शॉपवर एका जुलैमध्ये अख्खी बॅच परत भट्टीत गेली.

काकांचं एक मात्र मान्य, अल्युमिनियम बीडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन ओव्हरहीट झालं की हेड बाकतं आणि फेसिंगचा, म्हणजे ते घासून परत सपाट करायचा, खर्च बसतो. म्हणून विचारलं, कूलंट कधी बदललं? म्हणाले, "कूलंट कसलं, बोअरचं पाणी घालतो मी."