सप्तशृंगी–सापुतारा ट्रिपच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण तो वाचून लोक आमच्या ड्रायव्हरबद्दल जे समजतील ते मला पटणारं नाही, म्हणून फोन न करता इथेच लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोटरहोम (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली आमची गाडी) सप्तशृंगी गडावर नेलीच नाही, नांदुरीला उतरवून जीपने वर पाठवलं. सापुताऱ्याहून वघईकडे उतरताना गाडी रांगत होती आणि इंजिन बोंबलत होतं. ब्रेकचा जळका वास आला, म्हणजे गाडी खटारा. मध्येच अर्धा तास उभी केली, त्यामुळे गिरा धबधब्याला पोचेपर्यंत अंधार पडला. निघताना टाकीतलं पाणी सोडून दिलं. चहा करू दिला नाही. आणि वर ड्रायव्हर उर्मट.

आधी गडाचं. "एसटी जाते, मग तुमची गाडी का नाही?" प्रश्न बरोबर आहे, एसटी आमच्या गाडीपेक्षा लांब आणि जडही आहे. पण तिला एअर ब्रेक असतात, आमच्या गाडीला व्हॅक्युमवर चालणारे ऑइल ब्रेक आहेत. एसटीत वजन म्हणजे सीटवर बसलेली माणसं. आमच्याकडे लाकडी कपाटं, फ्रीज, वरचे बंक आणि टपावर एसीचं युनिट, म्हणजे बराच भार डोक्यावर. चढाच्या वळणात गाडी एका अंगाला कलते ती यामुळेच. शिवाय त्या घाटातले एसटीचे चालक रोज तिथूनच ये-जा करतात, त्यांना वळण न वळण पाठ असतं. नांदुरीपर्यंतच गाडी जाईल हे बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलेलं आहे, आणि जीपचं भाडं आम्ही देतो हेही. तुमच्या आईंना पायऱ्या जमणार नाहीत म्हणून ट्रॉलीची चौकशी करून ठेवली होती ती आमच्या याच ड्रायव्हरने. ती गोष्ट रिव्ह्यूत कुठे दिसली नाही.

आता वघईचा उतार. खरा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव, हातगड असं सापुताऱ्याला जाताना चढ तसा सोसण्यासारखा आहे. पलीकडे गुजरातच्या डांगात उतरताना मात्र रस्ता वळत वळत बराच वेळ खालीच जातो. अशा ठिकाणी जुन्या ड्रायव्हर लोकांचा एकच हिशोब असतो: ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची. दोन नंबरच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. तुम्हाला ऐकू आलं ते इंजिनचं बोंबलणं हेच. त्याने इंजिन खराब होत नाही आणि ब्रेक मोकळे राहतात. चौथ्या गिअरमध्ये आरामात, आवाज न करता उतरता येतं, पण मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

आणि ब्रेक म्हणजे शेवटी उष्णता. पाय सतत दाबून ठेवला की ब्रेकचे घासणारे लायनर तापतात, त्यांची पकड सुटायला लागते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की तीच हद्द 140 पर्यंत उतरते. उकळलं की नळीत वाफ धरते, पॅडल मऊ पडतं आणि पाय थेट तळाला जातो. आम्ही डॉट 4 वापरतो आणि दर पावसाळ्याआधी बदलतो. तरी वास आला, कारण पुढे एक ट्रक दर वळणावर थांबत होता आणि त्याच्यामागे ब्रेक लावण्यावाचून इलाज नव्हता. वास आल्याबरोबर ड्रायव्हरने रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. हा त्याचा शहाणपणा, गाडीचा दोष नाही. परत आल्यावर चारही चाकं उघडून पाहिली, लायनर शाबूत आहेत.

त्या थांब्यावर तुमच्या चिरंजीवांनी बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला घेतलं होतं आणि ड्रायव्हर ओरडला. उर्मटपणा म्हणजे बहुधा हाच. चाकातल्या ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो तडकू शकतो. ड्रम वाऱ्यावरच निवू द्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. अशा वेळी "कृपया असं करू नका" म्हणायला सवड नसते.

टाकीचं म्हणाल तर 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो. भरलेली टाकी निदान एका जागी बसते. तुम्ही सकाळी निम्मं पाणी वापरलं होतं, आणि अर्धी टाकी प्रत्येक वळणावर डचमळते, नेमकी ज्या बाजूला गाडी कलते तिकडेच. म्हणून घाटाआधी टाकी एकतर पूर्ण भरायची नाहीतर रिकामी करायची. तिथे भरायची सोय नव्हती म्हणून चांगलं पाणी सोडावं लागलं, जिवावर आलं त्याच्या. वघईला पुन्हा भरून दिली, हेही लिहायला हवं होतं.

चहाबद्दल मी काय लिहू? चालत्या गाडीत, घाटात, पेटलेला गॅस आणि उकळतं पातेलं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्याला मीच सांगितलेलं आहे. मुलांना बंकवरून खाली आणून बेल्ट लावायला सांगणंही त्यातलंच. समोरून चढणाऱ्या गाड्यांना थांबून वाट दिली, त्याचाही तुम्हाला राग आला. अरुंद चढाच्या रस्त्यावर चढणाऱ्याचा मान पहिला, हे 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांतच आहे.

खरं सांगायचं तर आजकाल घाटाचा अंदाजच राहिलेला नाही लोकांना. समृद्धीवर इगतपुरीचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाला आणि कसारा घाट न उतरताच माणसं मुंबईला पोचायला लागली. सोय झाली, तक्रार नाही. पण त्याच कसाऱ्यात रेल्वेचा चढ 37 ला 1 असा आहे आणि चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला बँकर म्हणजे जादा इंजिन जोडतात. आमचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं त्या घाटाने द्राक्षांचे ट्रक खाली घेऊन गेलेला माणूस आहे. घाटात गाडी कधी थांबवायची हे तो ठरवतो. मी मालक असलो तरी फोनवरून त्याला "जरा दाब" म्हणत नाही, आणि ग्राहकानेही म्हणू नये.

उशीर झाल्याबद्दल अर्धे पैसे परत मागितलेत, ते मिळणार नाहीत. नांदुरीच्या जीपचं भाडं मात्र आमच्याकडून येणं आहे. पावतीचा फोटो ऑफिसच्या नंबरवर टाका, दोन दिवसांत जमा करतो. पावती हरवली असेल तरी चालेल, कोणत्या दिवशी गेलात ते आमच्या रजिस्टरमध्ये आहेच.