जुना जीटीए खेळायला म्हणे ७० हजारांचा लॅपटॉप लागतो

दहावी-बारावीचे रिझल्ट लागले की मुंबईत दोन गोष्टी हमखास सुरू होतात, एक अ‍ॅडमिशनची धावपळ आणि दुसरी घराघरात लॅपटॉपवरून वादावादी. सध्या त्यात तेल ओतायला एक फॉरवर्ड फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर, जिथे बघाल तिथे तोच. मजकूर थोडक्यात असा: ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गेम चालत नाहीत, जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतल्या सॅन अँड्रियाससारखा जुना गेमपण अडकतो. १६ जीबी रॅम आणि इंटेलचा आय सेव्हन प्रोसेसर पाहिजेच. गेम चालू झाला नाही म्हणजे समजायचं लॅपटॉप कमी पडला. आणि साध्या लॅपटॉपवर गेम खेळलात तर तो वर्षभरात जळणार, तेव्हा ७० हजारांच्या खालचा घेऊच नका. शेवटी "सर्व पालकांपर्यंत पोचवा" आहेच, ते नसेल तर फॉरवर्ड कसला.

आता एकेक घेऊ.

पहिलं ग्राफिक्स कार्डाचं. सॅन अँड्रियास पीसीवर आला २००५ साली आणि तेव्हा त्याच्या बॉक्सवर काय लिहिलेलं तर १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री, २५६ एमबी रॅम आणि ६४ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. एमबी बरं का, जीबी नाही. त्याच्या आधीचा जीटीए म्हणजे व्हाइस सिटी, २००३ चा, त्याला तर ८०० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं कार्ड पुरायचं. ऑफिसच्या थोड्या जुन्या, साध्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या आतच जे इंटेल यूएचडी ६२० ग्राफिक्स असतं ना, ज्याला सगळे कचरा म्हणतात, ते या दोन्ही गेमना आरामात पुरून उरतं, फुल एचडीवर सुद्धा. फक्त ते स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही, रॅममधलीच वापरतं, म्हणून सेटिंगमध्ये "डेडिकेटेड १२८ एमबी" असं काहीतरी किरकोळ दिसतं आणि लोक घाबरतात, पण तो आकडा शेवटचा नसतो, लागेल तशी आणखी रॅम ते ओढून घेतं.

पण इथे एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, "जुना गेम" म्हणजे नक्की कुठला ते फॉरवर्डवालाही सांगत नाही आणि पोरंही सांगत नाहीत. काउंटर स्ट्राइक १.६ जुना, क्रायसिस पण जुनाच, २००७ चा, पण तो आजही साध्या लॅपटॉपचा घाम काढतो. जीटीए फाइव्ह पीसीवर येऊन १० वर्षं उलटून गेली, पण तेवढ्याने काही तो सॅन अँड्रियासच्या रांगेत बसत नाही, त्याला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि १ जीबीचं कार्ड सांगितलेलं, यूएचडीवर तो चित्राचा दर्जा ७२० पीला उतरवून, सगळं लो ठेवून कसाबसा ओढतो. आणि खरी गोची आहे रीमास्टरची, म्हणजे जुनाच गेम नव्या ग्राफिक्सने परत काढतात त्याची. सॅन अँड्रियासची डेफिनिटिव्ह एडिशन २०२१ ला आली, गोष्ट तीच, हिरो सीजे तोच, पण ती मागते ८ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स ७६० कार्ड, डिस्कवर जागाही मूळ गेमच्या ३.६ जीबीच्या कितीतरी पट. तेव्हा पोरगा "बाबा, सॅन अँड्रियास लॅगतोय" म्हणाला तर आधी विचारा कुठला सॅन अँड्रियास. नीड फॉर स्पीड या गाड्यांच्या गेममधल्या मोस्ट वाँटेडचंही तेच, २००५ चा वेगळा आणि २०१२ चा वेगळा, नाव एक आणि भूक दुसरीच.

रॅमचा मुद्दा. सॅन अँड्रियासच्या काळातले गेम बहुतेक सगळे ३२ बिटचे, आणि ३२ बिटचा प्रोग्राम साधारणपणे २ जीबीच्या वर मेमरी वापरूच शकत नाही, फार तर ४, तेही त्याला तशी परवानगी बांधून दिली असेल तरच. म्हणजे तुम्ही १६ काय ३२ जीबी घाला, सॅन अँड्रियासला त्याचा पत्ताही लागणार नाही. मात्र रॅमची दुसरी काडी घातल्यावर गेम सुधारला असं जे लोक सांगतात ते खोटं नाही, कारण वेगळं आहे इतकंच. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं, एकच काडी असेल तर रस्ता एकपदरी, दोन असतील तर दुपदरी. इंटेलचं आयरिस एक्सई म्हणून यूएचडीपेक्षा दमदार आतलं ग्राफिक्स आहे, त्याचं तर असं आहे की लॅपटॉपमध्ये एकच काडी असेल तर विंडोज त्याला आयरिस म्हणून दाखवतच नाही, नुसतं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दाखवतं. दुकानात सोळाची एक काडी आणि आठच्या दोन काड्या यात फरक काय असं विचारलं की "सेम है साहब" येतं. सेम नाहीये.

आय सेव्हनवर फार वेळ घालवत नाही. आय सेव्हन ७५०० यू मध्ये २ कोर, म्हणजे काम करणारे मेंदू, आहेत आणि त्याच्या पुढच्याच पिढीच्या आय फाइव्ह ८२५० यू मध्ये ४. स्टिकर बघून घेतलात तर तुमची मर्जी.

आता तो चौथा मुद्दा, गेम चालू झाला नाही म्हणजे लॅपटॉप कमी पडला. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, आणि हा साफ चूक आहे. जुना गेम नव्या लॅपटॉपवर अडतो तो बहुतेक वेळा ताकद कमी म्हणून नाही, विंडोज बदललं म्हणून. सॅन अँड्रियास सुरू होतो, गाणं वाजतं, पण माऊस फिरवला तर कॅमेरा हलत नाही, हे विंडोज ८ पासूनचं दुखणं आहे, त्यावर सायलेंटपॅच नावाचा फुकट पॅच आहे, टाकला की संपलं. गेम उघडतो आणि लगेच बंद पडतो, तर डॉक्युमेंट्समध्ये सॅन अँड्रियासच्या युजर फाइल्सचं फोल्डर असतं, त्यात जीटीए अंडरस्कोअर एसए डॉट सेट नावाची फाइल, ती डिलीट करा, सेटिंग्ज पहिल्यापासून होतात, सेव्ह केलेला गेम जात नाही, कारण सेव्ह वेगळ्या फाइलमध्ये असतात. डायरेक्टप्ले हा विंडोजचा जुना भाग गेम मागत असेल तर ते विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सखाली टिक करायचं. एज ऑफ एम्पायर्स टू १९९९ चा, तो विंडोज ७ वर लावला की गवत लाल आणि पाणी जांभळं दिसायचं, त्यात लॅपटॉपचा काय दोष? आणि जुन्या ओरिजिनल सीड्या जपून ठेवलेल्यांसाठी वाईट बातमी, २००० च्या आसपासच्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन असायचं, ते विंडोज १० मध्ये चालतच नाही, आणि त्याआधीच्या विंडोजमध्येही मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या सिक्युरिटी अपडेटमध्ये त्याचा ड्रायव्हर बंद केला. त्याहून जुन्या काही गेमचा इन्स्टॉलरच १६ बिटचा, ६४ बिट विंडोज त्याला उभंच करत नाही. दोन लाखांचा गेमिंग लॅपटॉप आणलात तरी ती सीडी तितक्याच इमानदारीत नाही म्हणेल.

उलट महागड्या लॅपटॉपची एक वेगळीच गंमत. त्यात दोन ग्राफिक्स असतात, आतलं इंटेलचं आणि वेगळं कार्ड एनव्हिडियाचं, आणि जुना गेम कधीकधी गुपचूप इंटेलवरच चालतो. म्हणजे ७० हजार मोजलेत ते कार्ड झोपलेलंच. डिस्प्ले सेटिंगच्या ग्राफिक्समध्ये जाऊन त्या गेमला हाय परफॉर्मन्स लावा, मग ते जागं होतं.

जळण्याचं म्हणाल तर प्रोसेसर शंभरेक डिग्रीला पोचला की आपणहून स्पीड कमी करतो, त्याच्या वर गेला तर मशीन बंद होतं. गेम मंद होईल, पण म्हणून लॅपटॉप पेटत नाही. गरम होतो हे मात्र खरं, आणि मुंबईतल्या मे महिन्यात, गादीवर ठेवून, खालची जाळी बुजवून खेळलात तर एक्सेल पण गरम करेल. त्यातही ज्या जुन्या गेमला फ्रेमची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याची, मर्यादा नाही तो गरज नसताना सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतो आणि पंखा बोंबलतो, तिथे गेमच्या सेटिंगमध्ये व्हीसिंक लावा, मग स्क्रीन दाखवू शकते तेवढ्याच फ्रेम निघतात. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर असतो आणि पोरं तो हौसेने बंद करतात, मग सीजे पाण्यात पडला की पोहत पुढे सरकतच नाही आणि बिल लॅपटॉपच्या नावावर फाटतं.

तरीही घ्यायचाच असेल, सेकंडहँड असला तरी, तर लॅमिंग्टन रोडला जाऊन दुकानातच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथे किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं. खाली जीपीयूवर ग्राफिक्सचं नाव दिसेल, ते आणि गेमचं साल असं दोन्ही घेऊन यूट्यूबवर शोधा, त्याच चिपवर तो गेम चालवलेला कुणाचा तरी व्हिडिओ बहुतेक सापडतोच. दुकानदार घाई करेल, करू दे, त्याला गिऱ्हाईक संभाळायचंय, तुम्हाला ईएमआय.